टपालवाल्याचे घर

टपालखात्याच्या इतिहासावर पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांत तिकिटांची हकीकत असते, गव्हर्नर जनरल असतात, कायदे असतात, आगगाड्या आणि आगबोटी असतात. खेड्यातला टपालवाला त्यांत एखाद्या परिच्छेदापुरता येतो. हातात घुंगरांची काठी, खांद्यावर थैली, डोंगरातली पायवाट; आणि पान उलटले की तो दिसेनासा होतो. तो संध्याकाळी कोणत्या घरी परतला, त्या घरात खाणारी तोंडे किती होती, खात्याकडून मिळणाऱ्या पैशांत त्यांचे भागत होते का, हे सहसा कोणी विचारीत नाही. मला आज नेमके तेच विचारायचे आहे. आपल्या देशात टपाल खेडोपाडी पोहोचले आणि तेही स्वस्तात पोहोचले, ही गोष्ट खरी. पण ते इतके स्वस्त राहिले याचा बराचसा भार टपालवाल्याच्या घराने उचलला, असे माझे मत आहे. ते पटते का, तुम्ही पाहा.

निरोप पोहोचवण्याचे काम काही इंग्रजांनी येथे आणले नाही. मराठेशाहीत जासूद होते, काशीद होते, हरकारे होते. पत्र महत्त्वाचे असले की एकावर भिस्त ठेवीत नसत. जासुदांची जोडी पाठवीत, म्हणजे वाटेत एकाचे बरेवाईट झाले तरी दुसरा पुढे जाई. त्यांच्या मेहनतान्याला अजुरा म्हणत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती वार्ता वाटेत भेलशाजवळ कळली, साधारण दहा दिवसांनी, आणि तीही सावकारी पत्रे घेऊन चाललेल्या काशीदाकडून. राज्याचे नशीब ज्या कागदावर होते तो कागद एका पायी चालणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधलेला होता.

पण हे झाले दरबाराचे आणि सावकारांचे. गावाचे निरोप कोण नेत असे? गुरुजीमंडळींना हे ठाऊक असेल, पण मुलांना आवर्जून सांगावे असे आहे. ते काम महारांच्या माथी होते. सरकारी कागद गावात आला की तो पुढच्या गावी पोहोचवायचा, सरकारी खजिन्याबरोबर चालायचे, मयताची खबर परगावच्या नातेवाइकांना द्यायची. मोबदला म्हणजे वतनाची तुटपुंजी जमीन आणि गावाकडून मिळेल ते बलुते. कामाला वेळेचे बंधन नव्हते. पाळी ज्याची असेल तो घरी नसला किंवा आजारी असला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाविरुद्ध विधेयक आणले, त्यामागे हीच तक्रार होती की काम माणसाचे नावाने आणि राबणूक सबंध घराची. ही वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने. एवढे लक्षात ठेवा आणि पुढे चला. कारण निरोप्याबरोबर त्याचे घरही कामाला जुंपायचे, ही रीत वतनाबरोबर संपली असे मला वाटत नाही.

आता कंपनीच्या टपालाकडे येऊ. क्लाइव्हने १७६६ मध्ये सरकारी टपालाची व्यवस्था लावली आणि १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ती सर्वसामान्यांना खुली केली. दर शंभर मैलांना दोन आणे असा आकार होता. म्हणजे 'खुली केली' याचा अर्थ व्यापाऱ्यांना आणि साहेबलोकांना खुली केली. १८३७ च्या कायद्याने पत्रे नेण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला, आणि त्यानंतरच्या दराप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर पत्र पाठवायला रुपया पडे. त्या काळचा रुपया, हे विसरू नका.

मोठा पालट झाला तो १८५४ साली. त्या वर्षीच्या कायद्याने अंतराचा हिशेब काढून टाकला. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, मग ते शेजारच्या तालुक्याला जावो की कलकत्त्याला, अर्ध्या आण्यात जाऊ लागले. पुढे १८७९ साली पोस्टकार्ड निघाले, त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पैशाच्या कार्डाने आपल्या समाजात जे घडवले त्याच्यावर स्वतंत्र भाषण होईल. येथे मला फक्त हिशेबाची गोष्ट सांगायची आहे. मुंबईहून पुण्याला आगगाडीने शेकडो कार्डे एका थैलीत जातात, तेथे एका कार्डाचा खर्च फार थोडा येतो. पण तेच कार्ड रेल्वेच्या ठाण्यापासून सहा कोस आत, नदीपलीकडच्या वाडीला न्यायचे असेल, आणि त्या वाडीचे आठवड्यात टपाल म्हणजे चार कार्डे आणि एक पाकीट असेल, तर? त्या चार पैशांत आणि अर्ध्या आण्यात माणूस कसा पोसायचा?

पहिली काही दशके सरकारने हा प्रश्न अंगाबाहेर टाकला. जिल्ह्याच्या अंतर्भागातले टपाल म्हणजे 'जिल्हा डाक'. तिचा खर्च स्थानिक कर आणि जमीनदार यांच्यावर. मुख्य खात्याला त्याची झळ नाही. हा प्रकार हळूहळू बंद होत १९०६ पर्यंत संपला आणि खेड्यांचे टपाल मुख्य खात्याकडे आले. खात्याची त्यासाठी एक युक्ती होती. युक्ती खरोखर नामी होती. गावात पगारी पोस्टमास्तर नेमायचा नाही. गावात आधीच एक लिहिता-वाचता, विश्वासाचा, ठरावीक वेळी ठरावीक जागी सापडणारा माणूस आहे, तो म्हणजे शाळामास्तर. त्यालाच थोडा भत्ता देऊन पोस्टाचे काम सोपवायचे. शाळामास्तर नसला तर दुकानदार. त्यांना नाव पडले 'खात्याबाहेरचे' नोकर. कित्येक गावांत अजूनही म्हातारी माणसे पोस्टमास्तरला नुसते 'मास्तर' म्हणतात, त्याचे मूळ हे असावे. एका हाताने पाढे घोकून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कार्डांवर शिक्के मारायचे, असे आपल्या व्यवसायबंधूंनी कितीतरी वर्षे केले आहे.

मास्तर जागेवर बसून काम करी. चालायचे काम दुसऱ्याचे. त्याला कोणी हरकारा म्हणे, कोणी रनर, आणि घरोघर वाटप करणारा तो पोस्टमन. लहान गावी ही दोन्ही कामे एकच माणूस करी. जुन्या काळात रनरांचे टप्पे साधारण पाच-सहा मैलांचे असत; एकाने पळत येऊन थैली दुसऱ्याच्या हवाली करायची. रात्रीचा प्रवास असला तर मशालजी बरोबर, रानातून जायचे तर डुगडुगी वाजवणारा आणि तिरंदाजही बरोबर असत. पुढे ही सोबत गेली आणि राहिली फक्त काठी, तिला भाल्याचे टोक आणि घुंगरे. घुंगरांचा आवाज ऐकून जनावर बाजूला होई असे म्हणतात. माणसेही बाजूला होत. वाघाने, पुराने, दरोडेखोरांनी रनर मारल्याच्या नोंदी खात्याच्या इतिहासात आहेत. थैली वाचली की नाही हे त्या नोंदींत बहुधा लिहिलेले असते. रनरच्या बायकामुलांचे पुढे काय झाले हे फारसे सापडत नाही.

आता तुम्ही कोकणाचा विचार करा. मुंबईपासून खाली गोव्यापर्यंत सलग रेल्वे धावू लागली ती १९९८ साली. तोपर्यंत तेथील टपाल किनाऱ्याने आगबोटीतून, आणि घाटावरच्या ठाण्यांतून कुंभार्ली, आंबा, फोंडा अशा घाटांनी खाली येई. मोटारी सुरू झाल्या तेव्हा मोटारीने. पण सडकेपासून वाडीपर्यंतचे चालणे कशानेच चुकले नाही. पावसाळ्यात बोटी बंद, नद्या तुडुंब, साकव वाहून गेलेले. टपालवाला इरले किंवा घोंगडी घेऊन निघे. इरल्याखाली दोघे मावत नाहीत. एक तो आणि एक थैली. थैली लाखेने सीलबंद, ती भिजून चालायची नाही. तेव्हा भिजायचे कोणी, हे सांगायला नको.

आणि पाऊस म्हणजे नुसता पाऊस नव्हे, भाताच्या लावणीचेही तेच दिवस. येथे घराचा प्रश्न येतो. टपालवाला हा बहुधा थोड्या जमिनीचा शेतकरी असे. खात्याला तसाच माणूस हवा असे, कारण भत्ता एवढासा की त्यावरच जगायचे म्हटले तर जगता येणार नाही. पण लावणीला आषाढ थांबत नाही आणि टपालालाही सुटी नाही. चिखलणीला नांगर धरायचा तर पुरुषमाणूस हवा, अशी आपली रूढी. मग शेजाऱ्याशी सावड करायची: आज तू माझ्या शेतात नांगर धर, त्याच्या बदल्यात माझ्या घरची दोन माणसे तुझ्या लावणीला येतील. त्या दोन माणसांत टपालवाला कधीच नसे. त्याची बायको असे, आई असे, शाळा बुडवून मुलगी असे. खात्याच्या कोणत्याही हिशेबात ही लावणी धरलेली नाही.

त्याच्या बायकोचा दिवस त्याच्याही आधी सुरू होई. त्याला निघायचे तर भाकरी, चटणी बांधून हवी. तो परतेपर्यंत गुरे, पाणी, शेत, म्हातारी माणसे, सगळे तिच्याकडे. शिवाय गावातली माणसे तो घरी नसताना दारात येत आणि तिलाच विचारीत, "वहिनी, आमचे काही आले का हो?" तिने काय सांगावे? माहीत असले तरी सांगायचे नाही, ही शिकवण तिला कोणत्या साहेबाने दिली नव्हती. नवऱ्याकडून तिने ती उचलली होती.

दिवाळीला घरोघर 'पोस्त' मिळे. शब्द तुमच्या ओळखीचा आहे. कोणी दोन आणे दिले, कोणी पोहे, कोणी नारळ, कोणी परडीभर काकड्या. शहरातला माणूस त्याला बक्षीस म्हणतो. गावात तसे समजत नसत. बलुतेदाराला सुगीत द्यावे तसे ते होते. आणि घरात त्या पोह्यांची, नारळांची वाट पाहिली जाई हेही खरे.

टपालवाल्याला गावात मान होता का? होता. त्याचे मुख्य कारण मनीऑर्डर. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डरीचे काम हाती घेतले आणि तेव्हापासून कोकणपट्टीचे जीवनच पालटले. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे फार मोठ्या संख्येने होती. जमीन थोडी, पीक चार महिन्यांचे, बाकीचे वर्ष मुंबईच्या पैशावर. 'मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा' असे त्याला लोक म्हणत, आणि त्यात टिंगलीपेक्षा खरेपणा जास्त होता. घाटावर साताऱ्याकडे हाच पैसा पलटणीतून येई. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात आहे. अशा गावी टपालवाला दिसला की त्याच्या हातात पगाराचे पैसे आहेत की दुसरे काही, हे दारातल्या बाईला कळेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

आणि ती वाचणार कशी? १९५१ च्या जनगणनेत सबंध देशात साक्षरतेचे प्रमाण शंभरात अठरा होते; बायकांत, आणि त्यातही खेड्यांत, फारच थोडे. म्हणजे पत्र पोहोचवले म्हणजे काम संपले असे नव्हे. ओट्यावर बसायचे, पाणी प्यायचे, पत्र वाचून दाखवायचे. सासू पुढे बसलेली असे, म्हणून काही ओळी हलक्या आवाजात वाचायच्या. मग उत्तर लिहायचे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, अशी रीत. तेव्हा पत्ता ती सांगू शकत नसे. कोणत्या चाळीत, कोणत्या खोलीत, कोणाच्या नावे पत्र टाकायचे हे टपालवाल्याला पाठ असे. मजकूर सांगतानाही ती अडखळे. 'सर्व खुशाल' एवढे सांगून झाले की थांबे. उरलेले काय असेल ते ओळखून, पण आपल्या पदरचे न घालता, कार्डाच्या उरलेल्या जागेत बसवायचे, हे कसब साधे नव्हे. मला विचाराल तर चांगला टपालवाला आणि चांगला मराठीचा शिक्षक यांत या बाबतीत फार अंतर नाही.

काही गोष्टी वाचण्याआधीच कळत. कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असले तर लग्न किंवा बारसे. कोपरा फाडलेला असला तर मयत. अनेक ठिकाणी असे कार्ड घरात ठेवीत नसत. तार आली म्हटले की आधी रडे सुटे, मग ती उघडली जाई. कित्येकदा ती मुलाला नोकरी लागल्याची असे. मनीऑर्डर घेताना सही येत नसली तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. रुपये मोजून हातात द्यायचे, ते साक्षीदाराच्या देखत. खालच्या कुपणावर पाठवणाऱ्याच्या दोन ओळी असत, तेवढा कागद फाडून बाई चोळीच्या पदराशी ठेवी.

ज्याच्या हातून एवढा पैसा रोज जाई त्याच्या स्वतःच्या घरी महिनाअखेरीस उसनवारी असे, यातली ओढाताण लक्षात घ्या. अफरातफर होत नसे असे मी म्हणत नाही. खात्याच्या दप्तरात तशी प्रकरणे आहेत आणि शिक्षाही आहेत. नवल याचे वाटते की कोट्यवधी मनीऑर्डरी अशा माणसांच्या हातून सुरळीत पोहोचल्या. हा माणूस गावचाच होता. त्याचे घर, त्याची शेती, मुलीची सोयरीक, सारे त्याच गावात किंवा पंचक्रोशीत. लबाडी केली तर जाणार कुठे? खात्याने त्याच्याकडून जामीन घेतला, पण खरा जामीन त्याचे घरच होते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या, त्यांपैकी १९,१८४ खेड्यांत. २००९ साली ही संख्या १,५५,०१५ झाली आणि त्यांतल्या १,३९,१४४ खेड्यांत होत्या. जगात टपालकचेऱ्यांचे एवढे मोठे जाळे दुसरे नाही. हा विस्तार अभिमान वाटावा असाच आहे. पण तो ज्या माणसांच्या जोरावर झाला ते बहुतेक 'खात्याबाहेरचे' होते. इंग्रजांची ती जुनी युक्ती स्वराज्यात बंद झाली नाही, उलट फोफावली.

१९६४ साली या लोकांसाठी वेगळे नियम झाले. त्यांचा सारांश असा की हे लोक खात्याचे काम करतील, खात्याची शिस्त पाळतील, चूक झाली तर खाते त्यांना काढील. पण खात्याच्या नोकरांची वेतनश्रेणी आणि पेन्शन त्यांना नाही. काम दिवसाचे काही तास, म्हणून पगार नव्हे तर भत्ता. शाखा पोस्टमास्तराने कचेरीला जागा आपली द्यायची. म्हणजे घराचा ओटा किंवा पुढची खोली. रजा घ्यायची तर बदली माणूस आपण द्यायचा. हा बदली माणूस कोण असणार? थोरला मुलगा, भाऊ, पुढे पुढे बायकोसुद्धा. बाप तापाने पडला की मुलगा थैली उचली. तो मुलगा वर्षानुवर्षे असे काम करून शेवटी त्याच जागेवर नेमला गेला, अशी उदाहरणे तुमच्या तालुक्यातही सापडतील. मघाशी वतनाची गोष्ट सांगितली ती यासाठी. वतन जातीने लादलेले होते आणि हे काम माणूस स्वतः मागून घेई, हा फरक फार मोठा आहे. दोन्ही एकच असे मी मुळीच म्हणत नाही. पण घरातल्या एकाच्या नावाने काम आणि बाकीच्यांनी ते तोलून धरायचे, एवढे साम्य मात्र डोळ्यांत भरते.

हे लोक सरकारचे नोकर की नाहीत? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ साली न्यायालयाने निकाल दिला की यांची जागा ही सरकारच्या अखत्यारीतली जागा आहे, ते काही रोजंदारीचे मजूर नव्हेत, आणि घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्यांना आहे. चौकशीशिवाय काढून टाकता येणार नाही. निकाल महत्त्वाचा होता. पण त्याने नोकरी शाबूत राहिली, भत्ता भत्ताच राहिला. त्यांच्या स्थितीचा विचार करायला समित्या मात्र अनेक झाल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस राजन समिती, १९८६ ची सावूर समिती, १९९० च्या दशकात न्यायमूर्ती तलवार समिती. प्रत्येकीने थोडे थोडे पदरात टाकले. २००१ च्या नियमांत 'खात्याबाहेरचा' हे नाव गेले आणि 'ग्रामीण डाकसेवक' असे नाव आले. नाव चांगले आहे. सेवक म्हटले की पगाराचा विषय जरा अवघड होऊन बसतो, हे आपण शिक्षकांनाही ठाऊक आहे.

याच नियमांच्या २०११ च्या आवृत्तीतले एक कलम तुम्ही मुद्दाम ऐका. निवड झाल्यावर आणि नेमणूक होण्यापूर्वी डाकसेवकाने असे लिहून द्यायचे की सरकारी भत्त्याखेरीज स्वतःच्या आणि कुटुंबाच्या पुरेशा उदरनिर्वाहासाठी आपल्याकडे उत्पन्नाची दुसरी साधने आहेत. कुटुंबाच्या! घराची गोष्ट या कलमात स्पष्ट आली आहे. टपालवाल्याचे घर खाते पोसणार नाही. घराने टपालवाल्याला पोसायचे आणि टपालवाल्याने खात्याचे काम करायचे. नियम करणाऱ्यांच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही. तीन-चार तासांच्या कामाला पूर्ण पगार कसा द्यायचा, ही त्यांची अडचण खरी होती. पण डोंगरातल्या वाड्यांवर थैली घेऊन फिरणाऱ्याचे तीन-चार तास कोणत्या घड्याळाने मोजायचे, तेही विचारायला हवे. सकाळी टपालाची मोटार येईपर्यंत थांबणे आणि संध्याकाळी ती परत जाईपर्यंत थांबणे हे काम धरायचे की नाही?

दरम्यान थैलीतला माल बदलत गेला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो कधी संपला हे धड सांगता येत नाही. चाकरमाने गावी परतले. ज्यांच्या मनीऑर्डरी येत तेच आता ओट्यावर बसलेले. पुढे टेलिफोन आला, खिशातला फोन आला. जुलै २०१३ मध्ये तारखाते बंद झाले. २०१५ साली जुन्या पद्धतीची, कुपणाच्या कागदाची मनीऑर्डर बंद झाली, तिची जागा संगणकावरच्या मनीऑर्डरीने घेतली. खुशालीची कार्डे तर आधीच आटली होती. पण टपालवाल्याचे चालणे थांबले नाही. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानंतर अनेक राज्यांत मजुरी पोस्टाच्या बचत खात्यांतून वाटली गेली. १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक आली. डाकसेवक हातात छोटे यंत्र घेऊन म्हातारीच्या दारात जातो, तिचा अंगठा काचेवर टेकवतो आणि तिच्या खात्यातले पैसे तिच्या हातात देतो. साक्षीदार आता लागत नाही. डोंगरावर रेंज मात्र लागते, आणि ती शोधत कधी टेकाडावर तर कधी देवळाच्या कट्ट्यावर उभे राहावे लागते.

माणूसही बदलतो आहे. निवड आता दहावीच्या गुणांवर, संगणकावरून होते. मुली मोठ्या संख्येने येत आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण लांबच्या जिल्ह्यातली मुलगी किंवा मुलगा एखाद्या दुर्गम गावी नेमला गेला की तेथे त्याचे शेत नसते, सावडीला शेजारी नसतो, तापात थैली उचलायला भाऊ नसतो. खोलीचे भाडे भत्त्यातून द्यायचे, वर खानावळ. जी व्यवस्था गावातले घर गृहीत धरून बांधली होती ती बिनघराच्या माणसावर कशी चालायची, हा प्रश्न नवा आहे.

मे २०१८ मध्ये देशभरच्या ग्रामीण डाकसेवकांनी संप केला. कमलेश चंद्र समितीचा अहवाल तोवर दीड वर्ष पडून होता. ६ जून २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भत्तेवाढ मंजूर केली. तीन लाखांवर डाकसेवकांचा हा प्रश्न होता. चार तासांच्या कामाला डाकसेवकाचा मूळ भत्ता दरमहा १०,००० रुपये आणि शाखा पोस्टमास्तराचा १२,००० रुपये झाला, पाच तासांचे त्याहून थोडे अधिक. स्त्री डाकसेवकांना १८० दिवसांची प्रसूतिरजा मान्य झाली. ही वाढ लहान नव्हती. मात्र आठ तासांचे काम धरून खात्याच्या नोकरांप्रमाणे वेतन आणि पेन्शन द्या, या मागण्या तेव्हा मान्य झाल्या नाहीत.

शेवटी गुरुजीमंडळींना एक काम सुचवतो. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात एखादा म्हातारा रनर, पोस्टमन किंवा त्याचे घर अजून असेल. सुटीच्या दिवशी वरच्या वर्गातली चार मुले घेऊन त्या घरी जा. तो कोणत्या वाटेने जाई, नदी कुठे ओलांडी, बदली माणूस म्हणून कोण जाई, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. त्यातल्या काही वाटा आज धरणांच्या पाण्याखाली आहेत, काही रानात बुजल्या आहेत. आणि विचारताना फक्त त्याच्याशी बोलून उठू नका. आतल्या घरात जी म्हातारी बसलेली असेल तिलाही विचारा, की आषाढात तुमची लावणी कोणी केली.